नव्याण्णव पूर्णांक नऊ

बिस्किटाचा भिजलेला तुकडा सरांच्या बोटांतून निसटून तिच्या कीबोर्डवर पडला तेव्हा बुधवारचे सकाळचे साडेनऊ वाजले होते. तो पडताना आवाज झाला नाही. दोन अक्षरांमधल्या फटीवर तो मऊपणे बसला आणि मग हळूहळू आत उतरला. "अरेच्चा," सर म्हणाले, "असू दे, पुसून घे." आणि त्याच ओल्या बोटानं त्यांनी तिच्या स्क्रीनवर टिचकी मारली. काळ्या चौकटीत पांढऱ्या अक्षरांची यादी दर तीन सेकंदांनी जागच्या जागी हलत होती. मोठ्या मशीनवर कोणाचं काम चालू आहे, कधीपासून, आणि त्यानं प्रोसेसरचा किती वाटा धरून ठेवलाय, हे सांगणारी यादी. एका शब्दाची कमांड दिली की ती उघडते आणि बंद करेपर्यंत हलत राहते. पहिल्या बारा ओळी सरांच्या होत्या आणि बाराही ओळींत एकच आकडा होता, नव्याण्णव पूर्णांक नऊ. "चाललंय," सर म्हणाले. झोपलेल्या नातवाच्या छातीवर हात ठेवून आजोबा म्हणतात तसं. ते आपल्या टेबलाकडे गेले आणि काचेवर त्यांच्या बोटाचा दुधकट ठसा राहिला. ठशाखालचा आकडा थोडा सुजल्यासारखा दिसत होता.

केसातला आकडा काढून ती फट कोरत बसली. लगदा निघेना. वर यायचा, टोकाला चिकटायचा आणि पुन्हा आत ओघळायचा. त्याला कोमट दुधाचा आणि तोंडाचा वास होता. पोटातून काहीतरी वर आलं, तेव्हा तिला नवल वाटलं, कारण यात नवं काहीच नव्हतं. बावीस वर्षं ती सरांना बिस्किट बुडवताना बघत आली होती. बुडवायचं, मोजून थांबायचं, मान पुढे काढून ओठांनी झेलायचं, मग अंगठा चाटायचा आणि त्याच अंगठ्यानं पान उलटायचं. तिच्या प्रबंधाच्या प्रत्येक पानाचा खालचा कोपरा त्या अंगठ्यानं तपकिरी झाला होता. प्रबंध घरच्या कपाटात वरच्या कप्प्यात होता आणि कपाट झाडताना ती त्याला नेहमी फडक्यानं धरत असे. हे तिच्या आत्ता लक्षात आलं. फडक्यानं, जसं मेलेलं झुरळ उचलतात.

संस्था नद्यांवर काम करायची. सरांचा विषय गाळ. नदीच्या तळाशी गाळ कसा बसतो, किती वर्षांत किती थर चढतो, याचं गणित त्यांनी उभं आयुष्य मांडलं होतं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी ते रोज यायचे आणि एक्केचाळीस दिवसांपूर्वी त्यांनी एका फार मोठ्या नदीचे आकडे त्या गणितात घातले होते. तिचं काम सोळा प्रोसेसरांचं ते मशीन सांभाळायचं. कोणाला किती वाटा द्यायचा, कोणाचं काम कधी लावायचं, कुठे अडलं तर बघायचं. हुद्दा लांबलचक होता, पण बाकीचे तिला मशीनवाली ताई म्हणत.

तिसऱ्या दिवशीच तिला कळलं होतं. संशय वगैरे काही नव्हता, सवयीनं तिनं दुसरी एक कमांड सरांच्या प्रोग्रामला लावली. चालू असलेला प्रोग्राम मशीनकडे काय काय मागतो ते ही कमांड दाखवते. ही फाइल उघड, हे वाच, हे लिही, थोडी जागा दे. धडधाकट प्रोग्राम सतत काही ना काही मागत असतो, लहान मुलासारखा. सरांचा काहीच मागत नव्हता. पांढरी रेघ लुकलुकत राहिली. तिनं अर्धा तास वाट बघितली. बारा ओळींत नव्याण्णव पूर्णांक नऊ, पंखे घोंघावताहेत, मशीनच्या पाठीमागून गरम हवा येतेय, आणि आतून जगाशी एका अक्षराची देवाणघेवाण नाही. मग तिनं प्रोग्रामच उघडला आणि उघडता उघडताच कोणती ओळ ते तिला आठवलं, कारण ती ओळ तिनं स्वतः टाइप केली होती, तेविसाव्या वर्षी.

तेव्हा तिनं वेगळी लिहिली होती. आधीचं उत्तर आणि आत्ताचं उत्तर यांतला फरक एक दशलक्षांशाहून कमी झाला की थांब. सरांनी तांबड्या पेन्सिलीनं ती खोडली. "दशलक्षांश म्हणजे काय गं? जवळपास? जवळपास हे बाजारात चालतं, भाजी तोलताना. इथे बरोबर म्हणजे बरोबर." आणि तिच्याकडून लिहून घेतलं, दोन्ही उत्तरं तंतोतंत सारखी होईपर्यंत चालू ठेव. अपूर्णांकात यंत्र तंतोतंत असं काही बाळगत नाही, शेवटचा अंक त्याच्या हातून थरथरतो, हे तिला तेव्हाही माहीत होतं. तिनं तोंड उघडलं होतं. सर हसून शेजारच्या विद्यार्थ्यांना म्हणाले होते, "बाईंना घाई आहे घरी जायची." सगळे हसले होते, तीही हसली होती. त्या वेळची नदी लहान होती आणि योगायोगानं उत्तर एका दुपारी जुळलं. आता नदी मोठी होती. शेवटचे दोन अंक आलटून पालटून येत होते, दारात अडकलेल्या दोन शिष्ट माणसांसारखे, आधी तुम्ही, छे छे, आधी तुम्ही. हे कधीच संपणार नव्हतं.

आणि ती गप्प राहिली. आदर, असं तिनं स्वतःला सांगितलं. मग, सरांच्या लक्षात येईलच. मग, आपल्याला कोणी विचारलेलं नाही. महिनाअखेरच्या बैठकीत संचालक म्हणाले, "सरांचं नव्याण्णव टक्के झालंय म्हणे, आता एका टक्क्यासाठी कुठे मध्येच थांबवायचं?" तो आकडा काम किती झालं याचा नाही, प्रोसेसर किती गुंतला याचा आहे, एवढं एक वाक्य बोलायला चार सेकंद लागले असते. तिनं पाण्याची बाटली उघडली आणि ती पाणी प्यायली. हिशेबनिसापासून सुरक्षारक्षकापर्यंत सगळे तेव्हापासून येता-जाता सरांना विचारायचे, "काय सर, झाला का तुमचा एक टक्का?" सर डोळे मिचकावून म्हणायचे, "शेवटचा टक्काच चेंगट असतो." ती खाली मान घालून यादी बघत बसायची. घरातून निघताना, जिना उतरताना, तिला त्या यादीची ओढ वाटायची. आल्या आल्या ती खुर्चीवर पर्स ठेवायची आणि उभ्यानंच तो शब्द टाइप करायची. आहे. अजून आहे.

दहा वाजता पूरवाली आली. तिला सगळे पूरवालीच म्हणायचे. पुराचं पाणी कोणत्या गल्लीत किती चढेल याचे नकाशे ती काढायची. बत्तीस वर्षांची, करारावरची, पायात नेहमी चालायचे बूट. हातातला मग तिनं टेबलाच्या कडेला ठेवला आणि स्टूल ओढलं.

"ताई, खरं सांगा. किती राहिलंय सरांचं?"

"काय सांगू."

"एक टक्का म्हणतात. चाळीस दिवस एकच टक्का राहिलाय. माझ्या सासूबाईंच्या गुडघ्यासारखं झालंय हे. रोज विचारलं की, आता बरंच कमी आहे."

तिला हसू आलं. पूरवालीही हसली, पण तिचे डोळे हसले नाहीत. "चार वाट्यांवर माझं काम पुढच्या गुरुवारी संपेल. सोळाच्या सोळा मिळाले तर दोन दिवसांत. परवा पाच वाजता समिती बसतेय. नकाशे असले तर करार पुढे, नसले तर राम राम. मी लपवत नाही तुमच्यापासून, काल रात्री नवऱ्याला म्हटलं, मग मी घरी बसून कुठल्या नदीला पूर आणू?"

"सरांना विचारलंस?"

"तीनदा. म्हणतात, बेटा, विज्ञानाला घाई नसते. त्यांना नसेल." तिनं स्टूल आणखी पुढे घेतलं. "नियम मला पाठ आहे, ताई. चालू काम ज्याचं त्यानंच थांबवायचं. नाहीतर तुम्ही लिहून द्यायचं की अडकलंय. तुम्ही एकदा बघाल का अडकलंय का? दुपारपर्यंत. दुपारनंतर बघून उपयोग नाही, वेळच उरत नाही."

"बघते," ती म्हणाली.

पूरवालीनं तिच्या मनगटावर हात ठेवला, दाबला आणि ती गेली. बघते. हा शब्द तोंडातून इतका सहज गेला की तिला जिभेवर साय आल्यासारखं झालं. लहानपणी दुधावरची साय ओठाला लागली की ती ओकायची. आई सगळ्यांना सांगायची, हिला किळस फार, अगदी राजकन्या. त्यात थोडी तक्रार असायची आणि थोडं कौतुक, आणि तिला ते कौतुक आवडायचं. लग्नानंतर नवरा एकदा जेवताना घास हातात धरून थांबला होता. "काय बघतेस?" "काही नाही." "नाही, तू बघतेस. मी चावतो तेव्हा तू बघत असतेस. नको वाटत असेल तर दुसरीकडे बघ ना, एवढं बारकाईनं कशाला?" तो चांगला माणूस होता, त्यानं पुन्हा विषय काढला नाही, फक्त तेव्हापासून तो बातम्या लावून जेवू लागला. किळस असलेली माणसं तोंड फिरवतात. आपण तोंड फिरवत नाही, हे तिला तेव्हाच दिसायला हवं होतं. धाकट्या भावाला एकदा दोन सफरचंदांतलं मोठं मिळालं होतं, तो पोहण्यात पहिला आला म्हणून. ती आठ-नऊ वर्षांची असेल. पायरीवर शेजारी शेजारी बसून दोघं खात होती. त्यानं दुसरा घास घेतला तेव्हा तिला आतली अळी दिसली. पांढरी, बारीक, डोकं हलवत होती, काहीतरी चुकलंय हे अळीलाही कळल्यासारखं. तोंड उघडून, अरे थांब, एवढंच म्हणायचं होतं. ती बघत राहिली. त्यानं तिसरा घास घेतला, चौथा घेतला, मिटक्या मारत खाल्लं आणि बी थुंकलं. नंतर तीच ओकली. आईनं तिचं डोकं धरलं, पाठीवरून हात फिरवला, म्हणाली, उन्हाचं झालं असेल, आणि भावाला दटावलं की ताईला पाणी आणून दे. त्यानं पाणी आणलं, त्या तोंडानं हसत.

यादी हलली. नव्याण्णव पूर्णांक नऊ. एक्केचाळीस दिवस ती काय करत होती ते तिला आता कोणी सांगायची गरज नव्हती. तिला सरांचा राग आला असता तर ठीक होतं. राग स्वच्छ असतो. गाळ उताराकडे सरकतो तेव्हा त्याचं वजन कसं धरायचं, ही दुरुस्ती तिची होती. छापली गेली सरांच्या नावावर. खाली बारीक अक्षरांत, नीटनेटक्या नोंदींबद्दल तिचे आभार. "तुझा हात नोंदींसाठी फार चांगला आहे," सर म्हणाले होते, आणि याच नोकरीसाठी शब्द टाकला होता. घरी सगळ्यांना आनंद झाला, तीही आनंदली, त्यांच्या पायाही पडली. त्यावर भांडायला हवं होतं, निदान रडायला. ती दोन्हींपैकी काही न करता बावीस वर्षं यादी बघत बसली, आणि मग एक दिवस सफरचंदात अळी दिसली. रोज साडेनऊला सर येतात, वाकतात, चाललंय म्हणतात आणि सुखावतात. रोज साडेनऊला तिच्या छातीत बारीकसं काहीतरी गोड उतरायचं. आदर म्हणे. हात धुऊन यावं म्हणून ती उठून नळापर्यंत गेली, साबण दोनदा लावला. तरी हातांना वास येतच होता. तो हातांचा नसावा.

नळावरून ती परत जागेवर आली नाही, सरळ सरांच्या कोपऱ्यात गेली. अकरा वाजत आले होते. तिथे फळ्यांचा आडोसा करून त्यांना टेबल दिलं होतं, मागच्या जाळीतून मशीनची गरम हवा यायची आणि त्या जाळीवर सरांनी धुतलेला रुमाल वाळत घातला होता. रुमालाच्या मधोमध पिवळट डाग होता, धुण्यानं न गेलेला. बारा प्रोसेसर एक्केचाळीस दिवस जे करत होते त्याचा हा एवढा उपयोग तिला दिसला.

"सर, प्रोग्राम अडकलाय."

त्यांनी वर पाहिलं नाही. ते पेन्सिलीला टोक काढत होते. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासूनच असणार. शेवटचे दोन अंक..."

"आलटून पालटून," सर म्हणाले. टोकावर फुंकर मारून त्यांनी भुसा तळव्यात गोळा केला. "पंधराव्या दिवशी माझ्या लक्षात आलं. तुझ्या?"

"तिसऱ्या."

"तरी म्हटलं! नजर तुझी पहिल्यापासून तेज." ते खरंच खूष झाले होते. "बस ना. उभी काय राहिलीस परक्यासारखी."

"सर, मग तुम्ही थांबवला का नाहीत?"

"अगं, निवृत्त माणसाचा पास चालू कामावर असतो. काम चालू आहे तोवर पास, पास आहे तोवर हे टेबल. कार्यालयात ते बाई-बुवा दुसरं काही विचारत नाहीत, मशीनवर चालू आहे का नाही, एवढंच बघतात. घरी काय आहे? सून साडेआठला फरशी पुसायला घेते. वाईट नाही हं ती. पण म्हणते, बाबा, पाय वर घ्या. मी पाय वर घेऊन सोफ्यावर बसतो. पुसून वाळलं तरी खाली घ्या असं कोणी म्हणत नाही." ते हसले. पुढचा एक दात अलीकडेच पडला असावा, तिथे ओलसर काळी फट दिसत होती. "तू रोज तिथे बसून बघतेस, आणि तरी बोलत नाहीस, हे माझ्या पंधराव्या दिवसापासून ध्यानात होतं. मनात म्हटलं, पोरगी उपकार विसरली नाही."

उपकार. हा शब्द त्यांनी फार मायेनं उच्चारला. सव्वीस दिवस. तीन सेकंदांनी हलणाऱ्या त्या यादीच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला ते, दोघांना ठाऊक, रोज सकाळी चाललंय आणि हो सर. तिला वाटलं होतं की ताटाकडे बघणारी आपण एकटीच आहोत. ते तिच्याकडे बघत होते, ओळखीनं, कृतज्ञतेनं, आणि तिनं मनात चघळलेल्या प्रत्येक घासाला त्यांनी माया म्हटलं होतं. नाही सर, मी मजा बघत होते, असं म्हटलं तर ते तिला क्रूर म्हणतील का? नाही, ते म्हणतील, गंमत करतेस. ओकारी इतकी वर आली की तिनं दात घट्ट मिटले.

"महिनाअखेरीपर्यंत राहू दे," सर खालच्या आवाजात म्हणाले. "नऊच दिवस. माझं नवीन पत्र तयार होतंय, मग दुसरं काहीतरी लावू. त्या मुलीला सांग, मशीनमध्ये बिघाड आहे. तुझ्या शब्दावर कोण शंका घेतंय?" आणि त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला. तळव्यातला पेन्सिलीचा भुसा तिच्या बोटांना चिकटला. तिनं हात काढून घेतला, हळू नाही, आणि सरांचा हात तसाच टेबलावर उताणा राहिला.

"परवा तिची समिती आहे, सर."

"तिला काय, तरुण आहे. कुठेही मिळेल."

"मलाही तुम्ही हेच म्हणाला होतात," ती म्हणाली. असं ते कधी म्हणाले नव्हते. ते नेमकं उलट म्हणाले होते, तुला दुसरीकडे कोण घेणार. पण सरांनी मान हलवली, आठवल्यासारखी, आणि त्यात तिला शेवटची शिसारी आली. त्यांना काहीच आठवत नव्हतं. इतकी वर्षं जे तिनं एकेक थर करून तळाशी बसवलं होतं, त्याचा या माणसाकडे कणही नव्हता.

जागेवर येऊन तिनं अर्ज काढला, काम अडकलं आहे, यापुढे उत्तर येण्याची शक्यता नाही, असं नीट अक्षरांत लिहिलं, तारीख घातली, सही केली. मग कमांड टाइप केली. एका अक्षराची कळ आतल्या लगद्यामुळे अर्धीच दबली, पुन्हा दाबावी लागली. यादी एकदा हलली आणि पहिल्या बारा ओळी गेल्या. पंखे मंदावले. इतके दिवस तो आवाज खोलीचाच आहे असं वाटत होतं. आडोशामागून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. सर बॅग खांद्याला अडकवून बाहेर आले, हातात चार घड्या केलेला रुमाल. तिच्या टेबलापाशी ते थांबले नाहीत, वाकले नाहीत. सुरक्षारक्षक दारातून म्हणाला, "काय सर, झाला का एक टक्का?" आणि सर म्हणाले, "झाला, झाला."

सव्वाअकराला पूरवालीनं आपलं काम सोळाही वाट्यांवर लावलं. नव्या सोळा ओळी वर आल्या आणि दोन-तीनदा हलून प्रत्येकीत तोच आकडा येऊन बसला, नव्याण्णव पूर्णांक नऊ. पंखे पुन्हा घोंघावू लागले. ऐकून काही फरक कळत नव्हता, बघूनही नाही. तिला राहवेना. तिनं दुसरी कमांड लावली, आणि स्क्रीन ओळींनी भरून धावायला लागली, वाच, लिही, जागा दे, वाच, लिही. चालू होतं. खरंच चालू होतं.

"ताई," पूरवाली म्हणाली. ती स्टुलावर बसली आणि पुन्हा उठली. "शुक्रवारी सकाळी संपेल. मला काय बोलावं कळत नाही. तुम्ही अगदी देवासारख्या धावून आलात. सगळे म्हणत होते, सरांपुढे त्या तोंड उघडणार नाहीत, मी म्हटलं, बघालच. नवऱ्याला फोन करून सांगते. थांबा, आधी डबा खाऊ या दोघी, आज माझ्या डब्यातलं खायचं तुम्ही, चालणार नाही नाही म्हटलेलं."

हे घेता आलं असतं. नुसतं हसायचं होतं, आणि डब्याचं झाकण उघडायचं होतं. सरांनी दिलेलं एक आभाराचं वाक्य ती बावीस वर्षं सांभाळून होती. हे दुसरं, बिनहक्काचं, आणि ते तोंडात घेताना तोच कोमट वास आला.

"मला तिसऱ्या दिवशीच कळलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"अडकलंय ते. तिसऱ्या दिवशी."

पूरवाली हसत होती ते तसंच चेहऱ्यावर राहिलं, खाली आधार नसलेलं. "म्हणजे... मी तुमच्याकडे दोन आठवडे येतेय. रोज."

"हो."

"आणि बैठकीत? एक टक्का राहिलाय म्हणाले तेव्हा तुम्ही होतात."

"होते."

"मग? मग तुम्ही काय करत होतात, ताई?"

"बघत होते."

पूरवालीच्या वरच्या ओठाची एक कड किंचित वर गेली आणि नाकपुड्या आत ओढल्या गेल्या. फार थोडं, क्षणभरच, सभ्य माणूस जितकं होऊ देईल तितकंच. हा चेहरा कसा होतो ते तिला आतून पाठ होतं. बाहेरून कसा दिसतो ते ती पहिल्यांदा बघत होती, आणि तिनं नजर बाजूला घेतली नाही.

पूरवालीनं आपला मग तिच्या टेबलाच्या कडेवरून उचलला, स्टूल स्वतःच्या बाजूला ओढलं, स्क्रीन थोडी वळवून घेतली.

"तुम्ही जेवून या, मॅडम," ती म्हणाली. "इथलं मी बघते."